चादर खुब्यावर बांधायची

दुपारचे अडीच. साताऱ्यातल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागासमोर पत्र्याची शेड आहे. शेडखाली सावलीची अरुंद पट्टी आणि त्या पट्टीत मावतील तेवढीच माणसं. उरलेली उन्हात. मार्च अर्धा सरलाय. समोर अजिंक्यताऱ्याचा कडा भाजून पांढुरका दिसतोय. फाटकाबाहेर रसवंतीचं घुंगरू वाजतंय. भिंतीवरचा सॉकेट बंद आहे, तरी दर दहा मिनिटांनी नवा माणूस येतो, त्यात चार्जर घालून बघतो आणि मागच्या माणसासारखीच मान हलवून परत जातो.

हॉर्न सलग वाजत येतो. १०८ची रुग्णवाहिका नाही, टेम्पो आहे. मागे आल्याची पोती, पोत्यांवर आडवा पडलेला विशी-बाविशीतला पोरगा. ओल्या मातीचा आणि आल्याचा वास टेम्पोबरोबर शेडखाली येतो. चौघं न सांगता पुढे होतात. दोघं काखेत हात घालतात, दोघं पाय धरतात.

“उचलू नका! पाय ओढू नका त्याचे!” सिस्टर दारातूनच ओरडतात. “फळी येतीय, थांबा.”

वॉर्डातले मामा पिवळी प्लास्टिकची फळी घेऊन येतात. फळी अंगाखाली सरकते. पोरगा कण्हतो, पण मोठ्यानं नाही.

रक्त फारसं दिसत नाही. गुडघा खरचटलाय, कोपराला डांबराची काजळी. पायात एकच बूट. चेहरा पांढराफटक, वरच्या ओठावर घाम. “पाणी,” तो म्हणतो. थोड्या वेळानं पुन्हा, “पाणी.” बरोबरचा मित्र सांगत सुटतो. नागठाण्याच्या अलीकडं, सर्व्हिस रोडवरनं हायवेला चढताना मागून ठोकरलं. “लई लागलं न्हाई तसं. नुसती कंबर धरलीया.” कुणीतरी रस्त्यावरच पोराच्या कमरेला टॉवेल आवळून बांधलाय.

नुसती कंबर. अशा दारांशी उभं राहिलं की हे शब्द वारंवार कानावर येतात. डोकं फुटलेल्याला गर्दी आपोआप वाट देते. कंबर धरलेल्याला लोक म्हणतात, पड जरा इथं बाकावर.

इथं तसं होत नाही. सीनिअर डॉक्टर चेहऱ्याकडे एकदा बघतात आणि पोरगा थेट आत, कोपऱ्यातल्या लाल पडद्यामागं. कात्री जीन्सवरून खालून वर जाते. पोरगा हातानं लाज झाकायला बघतो. “असू दे रं,” मावशी म्हणतात आणि हिरवं कापड टाकतात. मॉनिटर लागतो. नाडी १३४. वरचं प्रेशर ८०. पाय बाहेरच्या बाजूला कललेले, डावा जरा जास्तच.

नवा इंटर्न दोन्ही तळवे दोन्ही खुब्यांवर ठेवतो. दाबणार, तेवढ्यात सीनिअर त्याचं मनगट धरतात.

“दाबून बघायचं नाही. आत जी गुठळी धरलीय ती सुटेल. हलतंय का हे तुला कळेल, आणि त्याला ते महागात पडेल.”

ज्याला आपण कमरेचं हाड म्हणतो आणि डॉक्टर पेल्व्हिस, ते एक हाड नव्हे. मागे मणक्याच्या तळाचं त्रिकोणी हाड, दोन्ही बाजूंना खुब्याची पसरट हाडं, आणि ती पुढे जांघेच्या मधोमध एकमेकांना भेटतात. मिळून कडं होतं. बांगडी जशी एकाच जागी तुटून भागत नाही, तसंच हे. एक्स-रेच्या फोटोत पुढे एक तडा दिसला की मागे दुसरा शोधायचा. हे कडं जाड आहे, घट्ट सांध्यांनी बांधलेलं आहे. धडधाकट माणसात ते फोडायला मोटारीचा, ट्रॅक्टरचा किंवा दोन मजल्यांवरून पडण्याचा जोर लागतो. म्हणूनच सगळ्या मोडलेल्या हाडांत ही शंभरात तीन-चारच असतात. आणि म्हणूनच ती मोडलेला माणूस बहुधा आतून आणखी कुठंतरी फुटलेला असतो.

चादर पलंगावरचीच आहे. निळ्या काठाची, धुऊन धुऊन विरलेली. सीनिअर तिची लांब घडी घालतात, वीतभर रुंद. कमरेचा टॉवेल आधी सोडायला लावतात. घडी गुडघ्यांच्या खालून घालून, अंग न वळवता, हळूहळू वर सरकवत नितंबांखाली आणतात. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाताला एक कठीण उंचवटा लागतो. दोन्हीकडचे ते उंचवटे चाचपून चादरीचा मध्य बरोबर तिथं येतो. मग दोघं दोन बाजूंना उभे राहतात. टोकं पोटाच्या खाली एकमेकांवरून जातात. ओढ, आणखी ओढ. पीळ देतात. पिळावर चार चिमटे बसतात. गुडघे एकत्र, पावलं आत वळवून घोट्याशी बँडेज.

“खुब्यावर,” सीनिअर इंटर्नला म्हणतात. “कमरेवर नाही. कमरेवर बांधलं तर खालून उघडंच राहतं. कधी जास्त उघडतं.”

दोन-तीन मिनिटांचं काम. यासाठी तयार पट्टाही मिळतो, वेल्क्रोचा, दोरी ओढली की बसणारा. इथल्या कपाटात एक होता. तो मागे एका पेशंटच्या अंगावर दुसऱ्या रुग्णालयात गेला आणि तिकडचाच झाला. सिस्टरना त्याचं वाईट वाटतंय, पण चादरी भरपूर आहेत.

प्रेशर ८४. मग ९०.

हाड मोडून कुणी मरत नाही. मरतो तो आत वाहणाऱ्या रक्तानं. त्रिकोणी हाडाच्या पुढ्यात पातळ भिंतींच्या शिरांचं जाळं असतं. कडं उघडलं की ते फाटतं. तुटलेल्या हाडाच्या तोंडांतूनही रक्त झिरपत राहतं. शंभरातल्या ऐंशीहून अधिक जखमींचा रक्तस्राव असा, शिरांचा आणि हाडाचा. उरलेल्यांत धमनी फुटलेली असते. आणि हे रक्त बाहेर येत नाही. पोटाच्या मागं सैल जागा आहे, तिथं जमतं. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त. त्या जागेत त्यातलं बहुतेक मावू शकतं. म्हणून पोत्यांवर डाग नाही, टेम्पोवाल्याच्या सदऱ्यावर नाही, आणि पोरगा पाणी मागतोय. कडं आवळलं की ती जागा आवळते, हाडाची तोंडं जवळ येतात, गुठळीला धरायला आधार मिळतो.

सलाईन चालू आहे, पण बेतानं. इंटर्नला बाटली मोकळी सोडायची घाई. सीनिअर नको म्हणतात. पाणी ओतून आकडा वर येईल, रक्त पातळ होईल, गोठणार नाही. एसी बंद करायला सांगतात. मार्चमध्ये एसी बंद! मावशी दोन ब्लँकेटं टाकतात. अंग गार पडलं तरी रक्त गोठायचं थांबतं. खोलीत आता सगळ्यांना घाम, पोरगा सोडून.

सिस्टर एक छोटी काचेची कुपी फोडतात. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, एक ग्रॅम, दहा मिनिटांत. पुढचा एक ग्रॅम आठ तासांत. स्वस्तातलं औषध. २०१० साली ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांतला वीस हजारांवर जखमींचा अभ्यास छापून आला, त्यात भारतातलेही पुष्कळ होते. हे औषध दिलेल्यांत मृत्यू कमी झाले. मागाहून हेही दिसलं की पहिल्या तीन तासांत द्यायचं. उशीर झाल्यावर ते उलटं जाऊ शकतं. म्हणून सिस्टर पहिला प्रश्न तोच विचारतात: “किती वाजता झालं?” मित्राला सांगता येत नाही. टेम्पोवाल्याला येतं. रेडिओवर दीडच्या बातम्या लागल्या होत्या.

लघवीची नळी ट्रेमध्ये उघडून ठेवलीय. इंटर्न हातमोजे चढवतो. पुन्हा सीनिअरचा हात मध्ये येतो. मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा एक थेंब आहे. एवढासा. नळी जोरानं घातली तर अर्धवट फाटलेली वाट पूर्ण फाटेल. सर्जनना फोन लागतो. वरून, ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालायचं ठरतं.

फोटोचं यंत्र पलंगापाशीच ढकलत आणतात. मामा “सगळे बाहेर” म्हणतात आणि स्वतः दारात उभे राहतात. पडद्यावर कडं उमटतं. आश्चर्य म्हणजे जवळजवळ नीट दिसतं. पुढचा सांधा किंचित रुंद, एवढंच. इंटर्नच्या चेहऱ्यावर सुटका दिसते.

“चादर बांधून काढलेला फोटो आहे हा,” सीनिअर म्हणतात. “चादरीनं मिटवलंय. सोडून बघ म्हणजे कळेल. पण सोडायची नाही.” पुढचा सांधा अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त फाकला असेल तर मागचे बंधही तुटले असं धरून चालतात. ‘ओपन बुक’ म्हणतात ते याला. नेमकं किती, ते सीटीत कळेल. सीटीला न्यायचं की आधी रक्त, यावर पलंगाच्या पायथ्याशी दबक्या आवाजात चर्चा चालू आहे.

मी बाहेर येतो. शेडमधली पट्टी आता रुंद झालीय. टेम्पोवाला अजून उभाच. पन्नाशीचा असेल. हातात किल्ली फिरवतोय. त्याला जायचंय, आणि जाऊ का हे विचारायची भीती वाटतेय. हवालदार वही घेऊन येतात. टेम्पोवाला दोन पावलं मागं सरकतो.

“अहो, घाबरू नका. तुम्ही आणलंय, तुम्ही केलं न्हाई. नाव द्यायचं तर द्या, न्हाईतर जावा.”

हवालदार चांगले भेटलेत. पण हे चांगुलपणावर सोडलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये याची तत्त्वं मान्य केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. जखमीला आणून सोडणाऱ्यानं नाव सांगायची सक्ती नाही, त्याला थांबवून ठेवता येत नाही. टेम्पोवाला तरी नाव देतो. गावही देतो. मग हळूच विचारतो, “वाचंल ना?” हवालदार वहीत बघत राहतात.

या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतही सरळ नाही. पेल्व्हिस मोडून प्रेशर पडलेल्या अवस्थेत पोचलेल्यांपैकी अमेरिकेतल्या मोठमोठ्या ट्रॉमा केंद्रांतही ३२ टक्के दगावले, असं २०१६ साली छापून आलेली तिथली पाहणी सांगते. सगळी साधनं हाताशी असताना, तिघांत एक.

रक्तपेढीची खिडकी मागच्या इमारतीत आहे. जिना चढून डावीकडे. खिडकीला जाळी, जाळीला अर्धगोल भोक, भोकातून हात आत जातो आणि चिठ्ठी बाहेर येते. रांगेत सात-आठ जण. बाळंतिणीचा नवरा, डायलिसिसवाल्याची मुलगी. पोराचा मित्र धावत येतो, चिठ्ठी पुढं करतो. चार लाल पेशी, चार प्लाझ्मा. रांग एकमेकांकडं बघते आणि त्याला पुढं जाऊ देते.

“प्लाझ्मा वितळायला वेळ लागेल,” आतला तंत्रज्ञ सांगतो. “तोवर दाते बोलवा.”

फोन सुरू होतात. “आरं ग्रुप कुठला का असंना, तू ये.” अर्ध्या तासात आवारात दुचाक्यांची रीघ. तालमीतली पोरं, एका मंडळाचे टी-शर्ट घातलेली. एक जण सकाळीच कुठल्याशा शिबिरात देऊन आलाय, त्याला परत पाठवतात, तो हिरमुसतो. एका पिशवीत ३५० मिली. आठ पिशव्यांचा हिशोब कुणी बोटांवर करतंय. भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात बसतात. खोकं छातीशी धरून मित्र जिना उतरतो. एवढा सावकाश तो आज दिवसभरात चाललेला नाही.

सहा वाजता प्रेशर शंभरावर टेकतं, पण टिकत नाही. पोट सोनोग्राफीत कोरडं आहे, म्हणजे रक्त मागंच. इथून वाटा फुटतात. फुटलेल्या धमनीत जांघेतून तार नेऊन ती बुजवता येते; त्याला कॅथ लॅब लागते, आणि हृदयाबाहेरच्या धमन्यांत हात बसलेला माणूस लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन्ही एका वेळी, संध्याकाळी, जागेवर असणं हा योगच. दुसरी वाट जुनी आणि हुकमी. ओटीपोटावर छेद घ्यायचा, आतड्यांभोवतीची पिशवी न उघडता तिच्या मागच्या जागेत दोन्ही बाजूंनी मोठे मॉप ठासून भरायचे, एक-दोन दिवसांनी काढायचे. त्याआधी किंवा त्याबरोबर बाहेरून चौकट. खुब्याच्या हाडात दोन्हीकडून जाड खिळे, पुढून दांड्या जोडायच्या. सराईत हाताला वीसेक मिनिटं पुरतात. आज चौकट आणि मॉप दोन्ही होतात. थिएटरवरचा दिवा लागतो, विझतो. साडेआठला सीनिअर बाहेर येतात, भिंतीला पाठ लावून चहा पितात. नाडी ११० वर आलीय. आई आलीय तोवर, मंगळसूत्र मुठीत धरून. डॉक्टर तिला ‘धोका टळला’ म्हणत नाहीत. “रात्र जाऊ दे आई,” एवढंच.

हाडं बसवायचं काम पुढं. ते इथं होणार नाही. दोन-तीन दिवसांत मॉप निघाले, प्रेशर स्थिर राहिलं, की दक्षिणेकडं.

दक्षिणेकडचा रस्ता. मी दुसऱ्या दिवशी त्यानंच निघालोय. शेंद्रे, नागठाणे, उंब्रज. कराडलाही मोठी रुग्णालयं आहेत. तिथं खाट मिळाली तर प्रवास निम्मा. नाहीतर पेठ नाका, आष्टा, सांगली, मिरज. सगळं मिळून सव्वाशेहून अधिक किलोमीटर. रस्त्याचं काम सुरू, वळणं फिरवलेली. गळीत हंगाम संपत आलाय, तरी उसाच्या डबल ट्रॉल्या आहेतच. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही, ऊस बाहेर हातभर लोंबतोय, ट्रॅक्टरवर गाणं मोठ्यानं. त्यांच्यामधून वाट काढत एक १०८ समोरून जाते. २०१४ च्या जानेवारीत राज्यात ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ जास्त साधनांच्या. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १५,२२४ माणसं मेली. मोडून जगलेल्यांची नोंद अशी एका आकड्यात सापडत नाही. ती माणसं पुढं वॉर्डात सापडतात.

मिरज. १८९४ मध्ये इथं मिशनचा दवाखाना उभा राहिला आणि गावाला औषधाचा वास लागला तो लागलाच. रेल्वे जंक्शन असल्यानं कर्नाटकातून माणसं येत राहिली. आजही दवाखान्यांच्या गल्लीत पाट्या मराठी आणि कन्नड दोन्ही. औषधाची दुकानं, लॉज, इडलीची गाडी, वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या भाड्यानं देणारं एक दुकान. जिन्यात अथणीकडची एक बाई कन्नडमधून विचारते, सिस्टर मराठीतून सांगतात, दोघींना कळतं.

इथल्या एका रुग्णालयाचा हाडांचा वॉर्ड. पंखे फिरतायत, हवा हलत नाही. पलंगांच्या पायथ्याकडच्या पायांखाली विटा घातलेल्या. हाडातून आरपार खिळा, खिळ्याला दोरी, दोरी चाकावरून खाली, खाली वजन. पाय ओढला जातो, माणूस खाली सरकू नये म्हणून विटा. नातेवाईक येता-जाता वजनाला धक्का देतात आणि पलंगावरून शिवी येते.

तिसऱ्या खाटेवरचे तात्या आंब्याचा मोहोर बघायला चढले आणि फांदीसकट खाली आले. कड्याची एक बाजू वर सरकलीय. शेजारी विहिरीचं काम करताना कडा ढासळून दबलेला मजूर. त्याच्या मांडीच्या वर, कातडीखाली, पाणी भरल्यासारखं हलतंय. कातडी आतल्या थरापासून सुटलीय. ते आधी निवळायला हवं, नाहीतर त्यावर घेतलेला छेद पिकतो. तात्यांना घाई आहे. “पंधरा दिवस झालं, कवा करणार?” निवासी डॉक्टर सांगतात, उद्या. तीन आठवड्यांच्या पुढं गेलं की हाड वाकडंच जुळू लागतं, मग बसवणं अवघड. एकेकाळी याला शस्त्रक्रियाच नव्हती. कापडाच्या झोळीत कंबर वर टांगून ठेवायचे, कित्येक आठवडे. वॉर्डातल्या जुन्या लोखंडी पलंगांना वरची आडवी दांडी अजून आहे. तिच्यावर आता टॉवेल वाळतात.

फिजिओथेरपीची मुलगी येते. हातात प्लास्टिकचं यंत्र, तीन नळ्या, तीन चेंडू. तात्या नळी तोंडात धरून जीव खाऊन फुंकतात. चेंडू जागचा हलत नाही.

“फुंकायचं नाही आजोबा, ओढायचं. श्वास आत.”

तात्या पुन्हा फुंकतात. मजूर हसतो आणि हसताना कळवळतो. आडवं पडून राहिलेल्या छातीत कफ साठतो, पायांच्या शिरांत गुठळ्या होतात. एखादी सुटून फुप्फुसात गेली की सगळं केलेलं वाया. म्हणून हे चेंडू, आणि म्हणून रोज पोटाच्या कातडीत रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन. आधी रक्त गोठावं म्हणून धडपड, मग गोठू नये म्हणून. तात्यांच्या सुनेला यातलं दुसरं पटत नाही. ती सिस्टरना दोनदा विचारून घेते.

ऑपरेशन थिएटरचं बाहेरचं दार अर्धं काचेचं. आत शिशाचे झगे घातलेली माणसं जड चालतायत. सी-आर्म यंत्राची कमान टेबलाभोवती फिरते, कधी डोक्याकडं कलते, कधी पायाकडं. पुढचा सांधा प्लेटनं जोडला जातोय. छेद ओटीपोटावर आडवा, साधारण सिझेरियनचा असतो तिथंच. मागचं काम बारीक. बाजूनं, कातडीवर बोटभर चीर घेऊन, लांब पोकळ स्क्रू त्रिकोणी हाडात न्यायचा. वाट पेन्सिलीपेक्षा फार रुंद नाही. वर-खाली मज्जातंतू. चुकलं तर पाऊल लुळं पडतं. आधी तार जाते. थांबतात. फोटो. सर्जन मान हलवतात, तार अर्धी मागं. पुन्हा. पुन्हा फोटो. कुणी बोलत नाही. काचेबाहेर तात्यांची सून उभी आहे. हे तिच्या माणसाचं नाही, तरी बघतेय. उद्यासाठी.

खाली योजनेच्या खिडकीशी आरोग्यमित्र बसलाय. “रेशनकार्ड, आधार, फोटो.” राज्याच्या फुले आरोग्य योजनेत पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार होते, २०२३ च्या निर्णयानं ते पाच लाखांपर्यंत गेले. कागद मात्र पहिल्यासारखेच लागतात. एकाचं कार्ड गावी, ट्रंकेत. ट्रंकेची किल्ली आईकडे, आई इथं. शेजाऱ्याला कुलूप फोडायला सांगून कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला जातोय.

वॉर्डात एक प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. मूत्रमार्ग फाटलेल्या तरुणांना पोटावरच्या नळीसकट घरी जावं लागतं, तीनेक महिन्यांनी वाट पुन्हा जोडायला यावं लागतं. ते नळीबद्दल विचारतात, पिशवी कुठं लपवायची ते विचारतात. लग्नाबद्दल विचारत नाहीत. चांगला डॉक्टर पडदा ओढतो, नातेवाइकांना चहाला पाठवतो आणि स्वतःच विषय काढतो. असं करणारे कमी भेटतात. लैंगिक क्षमतेच्या नसा दुखावल्या तर तिच्यावर परिणाम होतो. काहींचं काही महिन्यांनी भरून येतं, काहींना उपचार लागतात. हे आधी कळलं तर माणूस अंधारात कुढत बसत नाही.

ओपीडी तळमजल्यावर. केसपेपरची रांग दारातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून पायरीवर. पुढं बाकांवर एकमेकांच्या फोटोंची तुलना चालू. “तुमच्यात किती स्क्रू?” “दोन. आणि प्लेट.” “माझ्यात प्लेटच दोन.” अभिमान म्हणावा असा सूर.

खुर्चीवर नंबर लागतो तो एका ऊसतोड बाईचा. तिशीच्या आत. बीडकडची. डिसेंबरात भरल्या ट्रॉलीवरून पडली आणि मागचं चाक खुब्यावरून गेलं. आता तीन महिने होत आलेत. वॉकर घेऊन आलीय, डावा पाय नुसता टेकवत. नवरा मागं पिशवी घेऊन. डॉक्टर फोटो प्रकाशात धरतात.

“जुळलंय. आजपासून वजन टाकायचं. आधी अर्धं, दोन आठवड्यांनी पूर्ण.”

ती उठून उभी राहते. वॉकर सोडत नाही. मग एक हात सोडते.

“खाली बसायचं नाही अजून. संडासला खुर्ची लावा.”

“कोपीवर कुठली खुर्ची,” नवरा म्हणतो. डॉक्टर क्षणभर थांबतात, मग खुर्चीचं बूड कापून खाली डबा ठेवायची युक्ती सांगतात. बाई मध्येच, खाली बघत, विचारते. एक मुलगी आहे. दुसरं होईल का?

“होईल. वर्षभर थांबा. बाळंतपणाच्या वेळी हा फोटो घेऊन जा, त्यांना दाखवा. सिझेरियनच करावं लागेल असं काही नाही, ते बघून ठरवतील.”

नवऱ्याचा प्रश्न वेगळा. नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ उचल दोघांच्या नावावर घेतलेली, काम तीन महिने एकट्याचं झालं. टोळी आठवड्याभरात गावी परतेल, मुकादम हिशोब करेल. पुढच्या हंगामाची उचलही आताच बोलली जाते.

“पुढच्या दिवाळीला येईल का तोडीला?”

“चालेल, फिरेल. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं नाही. पुढचा हंगाम तर नाहीच.”

“मग तसं लिहून द्या साहेब. डोक्यावर वझं न्हाई, असं. मुकादम तोंडचं ऐकत न्हाई.”

डॉक्टर केसपेपरच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहितात, सही करतात. नवरा कागद उलटा-सुलटा करून बघतो.

“शिक्का?”

“समोरच्या खिडकीत. दोननंतर.”